दोन पट, एक डाव
वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

गेल्या अंकात बोलता बोलता मी लिहून गेले, की मामेभावाबरोबरचा माझा एक डाव ईमेलवर सात महिने चालला. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. म्हणजे तुमच्यातले बरेच जण गुपचूप हेच करत होते तर! तक्रारी मात्र ठरावीक आहेत : पट वाकडा पोचतो, चालींची गफलत होते, आणि मग अबोला. खरं तर ज्यात फासे नाहीत, पत्ते नाहीत, कुठलं कथानक नाही, नुसता पट आणि सोंगट्या आहेत, असे खेळ पत्राला फार सोयीचे. सगळं उघड्यावर असतं. तरी बिनसतं.

प्रश्न : ताई, मी आणि माझी मैत्रीण ईमेलवर हेक्स खेळतो, षटकोनी घरांच्या पटावर सोंगट्यांनी आपल्या समोरासमोरच्या दोन कडा जोडायचा खेळ. टिंबं आणि फुल्या घालून मी तिरका पट काढते, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक जागा आत. माझ्याकडे देखणा दिसतो, तिच्याकडे पोचतो तो ढासळलेल्या भिंतीसारखा. तिचं उत्तर येईपर्यंत आणखी विस्कटतो. सगळे फॉन्ट बदलून पाहिले. काय करू?
— पटाला वैतागलेली

उत्तर : फॉन्टला बोल लावू नका. तुमचा पट मोकळ्या जागांच्या टेकूवर उभा आहे, आणि ईमेलमध्ये मोकळ्या जागेला कुणी वाली नसतो. मी मुद्रितशोधक म्हणून छापखान्यात लागले तेव्हा शिशाच्या अक्षरखिळ्यांचे शेवटचे दिवस होते. खिळे जुळवणारा जुळारी दोन शब्दांमधल्या रिकाम्या जागेसाठीही शिशाचा तुकडा बसवायचा. ‘काही नाही’ हेसुद्धा तिथे हाताला लागायचं. ईमेलमध्ये तसं नाही. एखादा प्रोग्रॅम ओळीच्या सुरुवातीच्या जागा सरळ गिळतो. बहुतेक फॉन्टमध्ये टिंब चिंचोळं आणि फुली ऐसपैस, त्यामुळे अकरा टिंबांची ओळ अकरा फुल्यांच्या ओळीएवढी कधी भरत नाही. सगळ्या अक्षरांना सारखी रुंदी देणारे फॉन्ट असतात, पण तुम्ही तुमच्याकडे तो निवडलात म्हणून मैत्रिणीच्या पडद्यावर तो लागेलच असं नाही. देवनागरी अक्षरांनी पट काढणार असाल तर काना-मात्रा आणि जोडाक्षरांपुढे रुंदीचा हिशेबच सोडून द्या. शिवाय उत्तर लिहिताना जुन्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक कोनासारखी खूण (>) चिकटते, दर फेरीला आणखी एक. ईमेलच्या मानकात ओळ ७८ अक्षरांच्या आत ठेवावी अशी शिफारस आहे. त्यापलीकडे गेलेली ओळ काही प्रोग्रॅम मोडून खाली टाकतात. रुंद पटाचा पाचसहा उत्तरांत उकिरडा होतो तो असा.

तेव्हा तिरकेपणा सोडा. घरं षटकोनी असतात म्हणून आपल्याला पट तिरका काढायची हौस, पण खेळाला तो लागत नाही. खेळाला लागतं ते एवढंच, की कुठलं घर कुणाचा शेजारी. उभ्या रांगांना आकडे द्या, आडव्या ओळींना आकडे द्या, वहीत साधी चौकोनी जाळी आखा. मग घराचे सहा शेजारी असे : त्याच ओळीत डावा आणि उजवा, वरच्या ओळीत नेमका डोक्यावरचा आणि त्याच्या उजवीकडचा, खालच्या ओळीत नेमका पायाखालचा आणि त्याच्या डावीकडचा. उरलेले दोन कोपरे शेजारी नाहीत, कितीही वाटलं तरी. पहिले दोन डाव मी बोटांवर मोजत खेळले. तिसऱ्यापासून डोळ्यांना वळण लागलं.

हेक्सला कागदाचं वावडं मुळातच नाही. १९४२ मध्ये डेन्मार्कच्या पीट हाइनने तो शोधला तेव्हा लोक तो छापील कागदावर पेन्सिलीने खेळायचे. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेत जॉन नॅशने, हाइनची काही खबर नसताना, तोच खेळ पुन्हा शोधला.

आता, पट कधीच पाठवू नका असं मी म्हणत नाही. दर दहा चालींनी एकदा पाठवाच. पण चित्र काढून नव्हे. बुद्धिबळवाल्यांकडे १९व्या शतकापासून एक युक्ती आहे, डेव्हिड फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पत्रकाराची : रिकामी घरं काढायचीच नाहीत, मोजायची. काळ्या सोंगटीला ‘क’, पांढरीला ‘प’, आणि सलग रिकाम्या घरांना त्यांचा आकडा. हेक्सची एक ओळ मग अशी दिसेल : ४क३प२. म्हणजे चार रिकामी, एक काळी, तीन रिकामी, एक पांढरी, दोन रिकामी. बेरीज करा, अकरा. पट ११ गुणिले ११ चा, म्हणून प्रत्येक ओळीची बेरीज अकराच यायला हवी. दहा आली की टाइप करताना कुठेतरी काहीतरी गळलंय. माझ्यासारखीला हे फार आवडतं, कारण या लिखाणात चूक आपणहून हात वर करते. मोकळी जागा एकही नाही, फॉन्ट कुठलाही चालतो, आणि ओळी एकाखाली एक लिहून प्रत्येकीच्या आधी तिचा क्रमांक घातला की झालं.

प्रश्न : मी आणि माझा मित्र ऑथेल्लो खेळत होतो. तीसेक चाली झाल्यावर कळलं, की त्याच्या पटावर माझ्यापेक्षा दोन सोंगट्या काळ्या जास्त आहेत. तो म्हणतो त्याचा पट बरोबर, मी म्हणतो माझा. आता कुणाचा खरा धरायचा?
— तीन आठवडे अबोला धरलेला

उत्तर : कुणाचाच नाही. ईमेलवर खेळताना डाव पटावर नसतोच. डाव म्हणजे पाठवलेल्या चालींची यादी. तुमच्या टेबलावर आहे ती त्या यादीची एक प्रत आणि मित्राच्या टेबलावर दुसरी. दोन प्रती जुळेनात तर मुद्रितशोधक काय करतो? मूळ हस्तलिखित काढतो. तुम्हीही जुन्या मेल काढा आणि दोघं वेगवेगळे, पहिल्या चालीपासून, पुन्हा मांडा. ऑथेल्लोत आठही दिशांना पाहून, आपल्या दोन सोंगट्यांमध्ये सापडलेल्या समोरच्याच्या सोंगट्या उलटून आपल्या रंगाच्या कराव्या लागतात. दोघांपैकी कुणीतरी एखादी तिरपी दिशा विसरलं असणार. मांडताना एखादी चाल नियमातच बसत नाही असं निघालं, तर डाव त्या चालीपाशी परत न्यायचा. त्यानंतरचं सगळं वाया, कितीही छान खेळलेलं असो. अबोला धरण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

पुढच्या डावापासून मात्र प्रत्येक मेलमध्ये चार गोष्टी लिहा : चालीचा क्रमांक, समोरच्याची मागची चाल (तुम्ही वाचली तशी), तुमची चाल, आणि पडताळा. चौथ्या गोष्टीला लोक कंटाळतात आणि तिथेच मार खातात. ऑथेल्लोचा पडताळा सोपा आहे. सुरुवातीला चार सोंगट्या असतात आणि दर चालीला एकच नवी येते, म्हणून चौदाव्या चालीनंतर पटावर अठराच हव्यात. ‘चाल १४. तुमची सी४. माझी एफ६. काळ्या ११, पांढऱ्या ७.’ एवढी ओळ पुरे. अकरा अधिक सात अठरा. समोरच्याच्या पटावर काळ्या बारा आणि पांढऱ्या सहा निघाल्या तर बेरीज जुळेल, पण वाटे जुळणार नाहीत, आणि गफलत त्याच दिवशी सापडेल, तीसाव्या चालीला नाही.

आणि पहिल्या मेलमध्ये एकदाच एक गोष्ट ठरवून घ्या : पहिलं घर कुठल्या कोपऱ्यात. बुद्धिबळात ए१ हे पांढऱ्याच्या बाजूने पाहिलं तर खाली डावीकडे असतं. ऑथेल्लोत ते वर डावीकडे. बुद्धिबळातून आलेला माणूस ऑथेल्लो खेळायला बसला, की सवयीने पट उलटा वाचतो.

या बाबतीत मी शहाणपण सांगू नये खरं तर. आमच्या दादाबरोबर, म्हणजे त्याच मामेभावाबरोबर, मी पहिल्यांदा गो, म्हणजे रेषा छेदतात त्या बिंदूंवर सोंगट्या ठेवायचा खेळ, खेळले तेव्हा पट मी हाताने आखला होता. एकोणीस रेषा, वर इंग्रजी अक्षरं, ए पासून एस पर्यंत. मला कुठे माहीत, की गोच्या पटावर ‘आय’ हे अक्षर गाळतात, ‘जे’शी किंवा एकच्या आकड्याशी गोंधळ होऊ नये म्हणून! दादाचा पट रीतसर, ए ते टी, मधला आय वगळून. बावीस चाली आम्ही आनंदाने खेळलो. मी पी रांगेत सोंगटी ठेवली की माझ्याकडे ती काठापासून चौथ्या रेषेवर असायची, त्याच्याकडे पाचव्या. त्याला वाटायचं, ही उजवीकडे फारच हवेत खेळते. तो क्यू म्हणायचा, त्याच्या मते चौथी रेषा, माझ्याकडे तिसरी. मला वाटायचं, हा असा काठाला चिकटून का बसतो? माझ्या पटाच्या मध्याशेजारी एक रांग पूर्ण रिकामी होती, भांग पाडल्यासारखी, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. तेविसाव्या चालीला मी तिथे सोंगटी ठेवली आणि कळवलं, ‘आय ५’. दादाचं एका ओळीचं उत्तर आलं : ‘आय? कुणाची आय?’

डाव मोडला. नव्याने मांडला. बावीस चालींत दोघांनी मिळून दोन वेगळे डाव खेळले होते, आणि दोन्हीतल्या चाली एकच होत्या.

प्रश्न : आम्ही बुद्धिबळ खेळतो आणि चाली मराठीत लिहितो : घ म्हणजे घोडा, ह म्हणजे हत्ती, रांगांना क, ख, ग, घ. आता ‘घघ५’ म्हणजे काय ते आम्हालाच कळत नाही. इंग्रजी अक्षरं वापरायची इच्छा नाही. काही मार्ग?
— स्वभाषाभिमानी

उत्तर : अभिमान ठेवा, अक्षरं टाका. तीसेक वर्षं मुद्रितं तपासलेल्या बाईचा सल्ला आहे : घ आणि ध, भ आणि म, ष आणि प या जोड्यांनी जितका ताप दिला तितका कुठल्याच लेखकाने दिला नाही. तिथे डाव कशाला अडकवता?

पत्राने बुद्धिबळ खेळणाऱ्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९५१ पासून आहे, आयसीसीएफ. एकाच्या भाषेतल्या सोंगटीचं नाव दुसऱ्याला कळत नाही, ही अडचण त्यांनाही होतीच. त्यांची पद्धत फक्त आकड्यांची. रांगा डावीकडून एक ते आठ, ओळी खालून एक ते आठ. निघण्याचं घर, पोचण्याचं घर, मिळून चार आकडे. राजापुढचं पांढरं प्यादं दोन घरं पुढे : ५२५४. बावन्न चोपन्न. मराठीत म्हणायला तर हे फारच सुरेख आहे, आमचा दादा फोनवर चाल सांगतो तेव्हा पाढे म्हटल्यासारखं वाटतं. कुठली सोंगटी, कुणाला मारलं, शह आहे का, यातलं काहीच लिहायचं नाही. ते पटावर दिसतं. किल्लेकोट करताना फक्त राजाची हालचाल लिहायची, ५१७१. प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं तर पाचवा आकडा : वजीर हवा तर १, हत्ती २, उंट ३, घोडा ४. झालं.

तुमच्याच पद्धतीला धरून राहायचं असेल तर निदान रांगांना आकडे द्या. आणि ओळीच्या सुरुवातीला ‘१२.’ असं टाइप करू नका. काही प्रोग्रॅमना ती यादी वाटते आणि ते आपल्या मनाने तिला पुन्हा एकपासून क्रमांक देतात. ‘चाल १२’ असं लिहा. इंग्रजी आकड्यांतला आठ आणि त्याच्यापुढे कंस आला तर त्याचा चष्मा घातलेला हसरा चेहरा होतो, तेही पाहिलंय. मराठी आठाला अजून कुणी चेहरा दिलेला नाही. घ्या, अभिमानाला एक कारण.

या पद्धतीत अटीच्या चालीही छान लिहिता येतात. ‘५२५४. तुम्ही ५७५५ केलंत तर माझी ७१६३.’ एक फेरी वाचते. फक्त ‘तुम्ही काहीही करा, माझी चाल अमुक’ असं कधीही लिहू नका. समजा पांढऱ्याने ४२४४ केलं. काळ्याने उत्साहाने उत्तर दिलं : ‘७७७६, आणि पुढे तुम्ही काहीही करा, माझा उंट ६८७७.’ पांढऱ्याने उंट थेट ८६ वर नेला, ३१८६. काळा तो उंट फुकट मारू शकला असता, पण त्याने शब्द दिलेला, त्याचा उंट ७७ वर जाऊन बसणार. मग ८६७७, उंट गेला, आणि मागचा हत्तीही वाचायचा नाही. मांडून पाहा, हसू येईल. स्वतःच्या डावात येणार नाही.

प्रश्न : बाघचाल हा वाघ-बकऱ्यांचा खेळ ईमेलवर खेळायचा आहे. २५ बिंदूंना आकडे दिले, पण पटावरच्या तिरप्या रेषा मजकुरात कशा दाखवायच्या?

उत्तर : दाखवू नका, मोजा. उभी रांग एक ते पाच, आडवी ओळ एक ते पाच. दोन आकड्यांची बेरीज सम आली तर त्या बिंदूतून तिरप्या रेषा जातात, विषम आली तर फक्त उभी आणि आडवी. कोपरा १-१, बेरीज दोन, तिरपी आहे. शेजारचा २-१, बेरीज तीन, तिरपी नाही. मधला ३-३, आहे. चार वाघ आणि वीस बकऱ्या, त्यामुळे पडताळाही सोपा : पटावरच्या, हातातल्या आणि मारलेल्या बकऱ्या मिळून नेहमी वीस.

प्रश्न : पहिली चाल कुणाची हे ठरवायला माझा मित्र नाणं उडवतो आणि मला कळवतो. सलग चौथ्यांदा तोच जिंकलाय. मी संशय घेतला तर मैत्री जाईल, नाही घेतला तर डाव.
— छापा म्हणावं की काटा

उत्तर : संशय न घेता व्यवस्था बदला. दूर बसलेल्या दोघांनी, एकमेकांवर विश्वास न ठेवता, नाणं कसं उडवावं हा प्रश्न मॅन्युएल ब्लम या संगणकशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये मांडला आणि सोडवला. त्याच्या उदाहरणात घटस्फोट झालेलं जोडपं आहे, वेगवेगळ्या शहरांत राहणारं, आणि गाडी कुणाची हे त्यांना टेलिफोनवर नाणेफेकीने ठरवायचंय. तुमची मैत्री त्यामानाने बरी दिसते.

आज हे हॅश वापरून करता येतं. हॅश म्हणजे मजकुराचा अंगठा समजा. अंगठ्यावरून माणूस घडवता येत नाही, पण माणूस समोर आला की अंगठा जुळवता येतो. मित्राने ‘छापा’ किंवा ‘काटा’ यांतला एक शब्द मनात धरायचा आणि त्याचा एसएचए-२५६ या रीतीने काढलेला, ६४ अक्षरांचा अंगठा तुम्हाला पाठवायचा. तुम्ही तुमचा अंदाज कळवायचा. मग त्याने शब्द उघड करायचा आणि तुम्ही अंगठा जुळवून पाहायचा. मधल्या वेळात त्याला शब्द बदलता येत नाही. पण नुसता ‘छापा’ लिहून अंगठा काढला तर तुम्ही दोन्ही शब्दांचे अंगठे काढून आधीच ओळखाल, म्हणून शब्दापुढे काहीतरी अगडबंब जोडायचं : ‘काटा, आणि मांजर कपाटावर ४७१९३’ असं काहीही.

यात एक मराठी खड्डा आहे. दिसायला एकच असलेलं अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी लिहिलेलं असू शकतं. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर म्हणूनही येतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. डोळ्याला फरक नाही, अंगठा मात्र पार वेगळा. शेवटी एक मोकळी जागा जास्त पडली तरी तेच. दादाने आणि मी यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे, आणि त्यात तो मला चक्क ‘लबाड’ म्हणाला होता. तेव्हा मजकूर साध्या अक्षरांचा ठेवा, आणि उघड करताना पुन्हा टाइप न करता जसाच्या तसा उचलून चिकटवा.

एवढी उस्तवार नको असेल तर अजून जाहीर न झालेला कुठलाही आकडा धरा. उद्याच्या अधिकृत कमाल तापमानाचा शेवटचा अंक सम असेल तर तो, विषम असेल तर तुम्ही. दोघांच्याही हातात नाही, विषय मिटला.

प्रश्न : हेक्समध्ये पहिली चाल करणाराच जिंकतो असं ऐकलं. मग खेळायचं कशाला?

उत्तर : पहिल्या खेळाडूकडे जिंकण्याची रीत असतेच, हे नॅशने सिद्ध केलं, ती रीत कोणती हे त्या सिद्धतेत नाही. त्यामुळे खेळायला जागा भरपूर आहे. तरी पहिल्याला फायदा असतो, म्हणून अदलाबदलीचा नियम लावतात : एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने निवडायचं. पहिली चाल झाल्यावर दुसरा म्हणू शकतो, ही बाजू मी घेतो.

ईमेलवर मात्र ‘बदल’ एवढंच लिहून थांबू नका. दादाने तेच केलं. मी तांबडी, पहिली सोंगटी तिसऱ्या रांगेत, सातव्या ओळीत. त्याचं उत्तर : ‘बदल.’ त्याच्या मनात होतं, की आता तांबडा तो आणि निळी मी, सोंगटी आहे तिथेच. मी दुसरी पद्धत वाचली होती : रंग ज्याचे त्याच्याकडेच राहतात, सोंगटी निळी होते आणि आरशात उलटल्यासारखी सातव्या रांगेत, तिसऱ्या ओळीत जाते. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. दोन्ही एकदम वापरल्या की दोघंही तांबडे होतात. तेव्हा पूर्ण वाक्य लिहा : ‘बाजू बदलल्या, आता मी तांबडा, तुमची चाल.’

प्रश्न : ईमेलसाठी कोणता खेळ निवडावा? गो, मंकला, ॲमेझॉन्स, ट्विक्स्ट अशी नावं ऐकून आहे.

उत्तर : ज्यात चाली थोड्या आणि प्रत्येक चाल वजनदार, तो. चाल पाहून दोन दिवस डोक्यात घोळली पाहिजे. पुढची उघडच दिसत असेल तर त्यासाठी मेल लिहायचा कंटाळा येतो.

माझी पहिली पसंती ॲमेझॉन्सला. अर्जेंटिनाच्या वॉल्टर झामकाउस्कासने १९८८ मध्ये काढलेला खेळ. दहा गुणिले दहाचा पट, प्रत्येकी चार राण्या. राणी बुद्धिबळातल्या वजिरासारखी हलते, आणि पोचल्या जागेवरून तसाच एक बाण मारते. बाण पडेल ते घर कायमचं बंद. म्हणजे दर मेलला तीन घरं : कुठून, कुठे, बाण कुठे. पटावर शंभर घरं, त्यांतली आठ राण्यांची, म्हणून ९२ बाणांच्या पुढे डाव जाऊच शकत नाही. एकच ठरवून ठेवा : बाण लिहायचा राहिला तर ती चालच नव्हे, मेल परत. मी दोनदा विसरले आहे. राणी नेण्याच्या आनंदात बाण राहून जातो.

मंकला म्हणजे खळग्यांत दाणे टाकत जायचा खेळ; त्याची चाल सगळ्यात छोटी, एक आकडा. कलाह या प्रकारात तुमच्या सहा खळग्यांपैकी कुठल्यातले दाणे उचलले तेवढंच कळवायचं. पण एक दाणा चुकीच्या खळग्यात पडला की पुढचं सगळं बिघडतं, आणि एकूण दाणे तेवढेच राहतात म्हणून बेरजेत चूक दिसत नाही. इथे चौदाही जागांचे, म्हणजे दोघांचे मिळून बारा खळगे आणि मिळवलेले दाणे ठेवायच्या दोन कोठ्या यांचे, आकडे दर मेलला लिहा. शेवटचा दाणा स्वतःच्या कोठीत पडला तर पुन्हा चाल मिळते, त्या सगळ्या एकाच मेलमध्ये, क्रमाने.

गो करायचाच तर नऊ गुणिले नऊच्या पटावर. ८१ बिंदू, वर्षाच्या आत संपण्याची शक्यता. पूर्ण पटावर ३६१ बिंदू असतात; दिवसाला एक चाल धरली तरी मोजून पाहा. ट्विक्स्ट सुंदर आहे, पण त्यात खुंट्यांबरोबर त्यांना जोडणारे पूलही कळवावे लागतात, कुठला जोडला, कुठला काढला. नवख्यांनी पुढे ढकलावा.

प्रश्न : उत्तराची वाट किती दिवस पाहावी?

उत्तर : आधी ठरवलं असेल तितके. प्रत्येक चालीला मुदत लावण्यापेक्षा दहा चालींना मिळून लावावी. पत्रबुद्धिबळाच्या स्पर्धांत दहा चालींना पन्नास दिवस हे प्रमाण सर्रास दिसतं. सोप्या चालीवर वाचलेले दिवस अवघड चालीला कामी येतात. एडिंबरा आणि लंडनच्या बुद्धिबळ क्लबांनी पत्राने सामना खेळला तो १८२४ पासून १८२८ पर्यंत चालला होता, एडिंबराने जिंकला. तेव्हा तीन दिवस मेल आली नाही म्हणून फोन करू नये.

प्रश्न : तो सात महिन्यांचा डाव कोण जिंकलं? आणि सध्या काय चालू आहे?

उत्तर : दादा जिंकला. त्यानंतरचे दोन मी. सध्या ॲमेझॉन्स चालू आहे, एकोणतिसावी चाल. पटावर अठ्ठावीस बाण, त्याच्याकडेही अठ्ठावीस. त्याने मला कोपऱ्यात कोंडत आणलंय आणि त्याच्या मेलच्या शेवटी हल्ली ‘घाई नाही’ असं असतं. आज अकरावा दिवस.